एका दिवसात मुंबई दाखवायची तर आधी लाँच, मग बाकीचं

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मे महिना सुरू झाला की आमच्या डोंबिवलीच्या घरी साताऱ्याकडची मंडळी येतात. मुक्काम दोन दिवसांचा, त्यातला एक दिवस लग्नकार्याचा नाहीतर खरेदीचा. उरलेल्या एका दिवसात 'मुंबई दाखव' म्हणतात. पंधरा वर्षं मी हे करते आहे आणि त्याच त्या चुका होताना पाहते आहे, काही माझ्या हातूनही झाल्या. घरातून निघायला दहा वाजतात. यादीत सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, गेटवे आणि जुहू असं सगळं असतं. निम्मा दिवस टॅक्सीत जातो, गेटवेला पोचेपर्यंत दुपारचे तीन होतात, घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या बेटावर, जाणारी लाँच केव्हाच सुटलेली असते. मग संध्याकाळी सहाच्या लोकलच्या गर्दीत कडेवरचं मूल आणि सत्तरीची आजी.

यावरचा उपाय मला एकच सापडला. दिवसभरातल्या सगळ्या गोष्टींपैकी लाँचचं घड्याळ तेवढं आपल्या हातात नसतं. मरीन ड्राइव्ह कुठे जात नाही, संग्रहालय संध्याकाळपर्यंत उघडं असतं. म्हणून लाँच पहिली, आणि उरलेला सगळा दिवस तिच्यामागे लावायचा. शिवाय सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), गेटवे, चर्चगेट आणि गिरगाव चौपाटी या चौकोनाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. दादरच्या पुढचं दर्शन दुसऱ्या फेरीला ठेवा.

टप्पा १: दिवस निवडा

सोमवार पहिल्यांदा खोडून टाका. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. चार वर्षांपूर्वी भावाचं सहा जणांचं कुटुंब घेऊन मी सोमवारीच साडेनऊला गेटवेवर उभी होते. सुट्टीचे दिवस असल्याने वार कुणाच्याच लक्षात नव्हता. वहिनीने पहाटे चारला उठून केलेले पराठे आम्ही तिथल्या कट्ट्यावर उन्हात बसून खाल्ले, आणि मुलांना लेण्यांऐवजी नुसती अर्ध्या तासाची समुद्रफेरी मिळाली. तेव्हापासून पाहुण्यांचा फोन आला की मी पहिला प्रश्न वाराचा विचारते.

राहिले मंगळवार ते रविवार. मंगळवार ते शुक्रवार गेटवेवर गर्दी कमी असते, पण लोकल भरलेली असते. रविवारी उलट: सकाळची लोकल मोकळी आणि गेटवेवर मुंगीला जागा नाही. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉकही असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान. त्याला घाबरून बेत रद्द करणारे पुष्कळ आहेत. खरं तर सकाळी सातच्या आत निघालात आणि रात्री परतलात तर ब्लॉकच्या वेळात तुम्ही समुद्रावर किंवा संग्रहालयात असता. आदल्या दिवशी ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे एवढं बघा आणि निघा. माझी पसंती बुधवार ते शुक्रवार, पण नोकरदार घरात ते जमत नाही हे मला माहीत आहे.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, लाँचच्या भरवशावर दिवस आखू नका. समुद्र खवळला की फेऱ्या थांबवतात आणि तो निर्णय त्याच सकाळी होतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, ३१ डिसेंबर आणि ४ डिसेंबरचा नौदल दिन यांच्या आगेमागे गेटवेच्या परिसरात बंदोबस्त असतो, तेही दिवस टाळा. गणपती विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे फिरायला म्हणून जाऊ नये.

*तपासा: वार सोमवार नाही. त्या दिवशी सरकारी कार्यक्रम किंवा बंदोबस्त नाही. हवामान खात्याचा इशारा नाही.*

टप्पा २: बेत सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मापाने कापा

बेत ठरवताना घरातला धडधाकट माणूस बोलत असतो आणि दिवस संपता संपता आजी-आजोबा आणि तीन वर्षांचं मूल तो बेत ओढत असतात. म्हणून आधी विचारा: कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला बस लागते, कुणाला तासाला बाथरूमला जावं लागतं? हे विचारायला लाजू नका. आत्या आपण होऊन सांगणार नाही. ती 'चालेल गं' म्हणेल आणि पायऱ्यांच्या मध्यावर बसून राहील.

घारापुरीला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत जवळपास १२० पायऱ्या आहेत. चढ दमवणारा आहे, विशेषतः उन्हात. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. चार जण खुर्चीतून वर नेतात. भाडं जाणं-येणं धरून आधीच ठरवा. डोलीत बसायचा संकोच असेल तर घारापुरी सोडा आणि गेटवेवरून अर्ध्या तासाची समुद्रफेरी करा. आजीने समुद्रातून ताज आणि गेटवे पाहिला, एवढ्यानेही तिचं समाधान होतं. अर्धी मंडळी वर आणि अर्धी खाली धक्क्यावर दोन तास उन्हात, हा मधला तोडगा मात्र करू नका. मी केला आहे. खालच्यांचा दिवस वाया जातो.

दोन वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर बाबागाडी नको. लोकलमध्ये, लाँचवर, पायऱ्यांवर, सगळीकडे ती उचलूनच न्यावी लागते. कापडी झोळी किंवा कडेवर, हेच बरं.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

सकाळी उशीर होतो तो आदल्या रात्री न केलेल्या कामांमुळे. रात्री झोपण्यापूर्वी एवढं झालेलं असावं.

दोन पाठीवरच्या सॅक, त्याहून जास्त सामान नको. गेटवेच्या परिसरात शिरताना सामान तपासतात. पिशव्यांचं लटांबर असेल तर तिथेच वीस मिनिटं जातात. गावाहून थेट स्टेशनवर उतरून फिरणार असाल तर बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात, पण बॅगेला कुलूप हवं. कुलूप नसलं तर घेत नाहीत, आणि ऐनवेळी कुलूप शोधायला बाजार धुंडाळावा लागतो.

पाण्याची बाटली माणशी एक. खायला कोरडं: दशम्या, चटणी, चिवडा, खजूर. केळी आणि हातात धरून खायचे पदार्थ घारापुरीसाठी घेऊ नका, कारण पुढे येईल. टोपी, छोटा नॅपकिन, एक जादा कपड्यांचा जोड लहान मुलासाठी, प्लास्टिकच्या दोन-तीन पिशव्या उलटीसाठी. आल्याच्या वड्या किंवा आवळा सुपारी. लाँच लागण्याचा त्रास ठाऊक असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आणून ठेवा आणि निघण्याआधी द्या. मळमळायला लागल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

पायात घट्ट बसणारे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. नवीन चपला या दिवशी घालायच्या नाहीत, मग त्या कितीही छान असोत. लाँचवर चढताना पायातून निघालेली चपल समुद्रातच जाते.

प्रत्येक मुलाच्या खिशात दोन मोठ्या माणसांचे फोन नंबर लिहिलेला कागद. मोबाइलचं चार्जिंग जसं आठवणीने करता तसं हेही करा. सुटे पैसेही घ्या. सगळीकडे क्यूआर कोड लागले आहेत, पण समुद्रात आणि बेटावर नेटवर्क दगा देतं.

*सावधान: ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाजवळ स्वतःचं स्वतः असू द्या. सगळ्यांची कार्डं एकाच पर्समध्ये आणि ती पर्स भलत्याच डब्यात, असं होतं.*

टप्पा ४: घर ते सीएसएमटी

कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात मुंबईकडे जाणारी लोकल नवख्या माणसासाठी नाही. डोंबिवलीहून साडेसहाच्या आत गाडी पकडा. फास्ट लोकल सव्वा तासाच्या आसपास सीएसएमटीला सोडते, म्हणजे आठपर्यंत पोचता. झोपेचा एक तास जातो, पण दिवसाचे तीन वाचतात.

तिकीट जाऊन-येऊन काढा. मोबाइलवरचं कागद नसलेलं तिकीट घरूनच काढायचं असतं. स्टेशनच्या आवारात शिरल्यावर ते निघत नाही आणि माणूस जिन्यात उभा राहून फोनशी झगडत बसतो. पाच वर्षांपासून बारा वर्षांच्या आतल्या मुलाचं तिकीट लागतं, हे गावाकडच्या लोकांच्या लक्षात नसतं. एसी लोकलचं तिकीट वेगळं. साध्या तिकिटावर एसी डब्यात चढलात तर दंड होतो. 'गाडी रिकामी दिसली म्हणून चढलो' हे टीसी ऐकत नाही, आणि त्याने ऐकूही नये.

इंडिकेटर वाचायला शिका. डोंबिवलीकडून जाताना बहुतेक गाड्यांचं शेवटचं स्टेशन सीएसएमटी असल्याने चुकण्यासारखं फारसं नाही. चूक परतताना होते, ते पुढे सांगते. डब्यांच्या बाबतीत दोन पर्याय आहेत: बायका लेडीजमध्ये आणि पुरुष जनरलमध्ये, किंवा सगळे मिळून जनरलमध्ये. पहाटेच्या गाडीत सगळे एकत्र बसा. फुटून बसायचंच असेल तर चढण्याआधी ठरवा की उतरल्यावर भेटायचं कुठे. सीएसएमटीला लोकलच्या प्लॅटफॉर्मांसमोरच्या मोकळ्या जागेत, मोठ्या इंडिकेटरखाली, ही जागा कुणालाही सापडते.

स्टेशनवर उतरलात की घाई न करता दहा मिनिटं बाहेर समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि वळून इमारत पाहा. युनेस्कोच्या यादीत २००४ साली गेलेली ही वास्तू बहुतेक पाहुणे तिच्याकडे पाठ फिरवून ओलांडतात आणि टॅक्सी शोधायला लागतात. सकाळच्या उन्हात दगडातले मोर, माकडं आणि कोरीव चेहरे लहान मुलांना शोधायला लावा. तिथेच रस्त्यापलीकडे आरामचा वडापाव आहे. नाश्ता इथे हलका करा: वडापाव, चहा. पोट गच्च भरून लाँचवर बसू नये आणि उपाशीही बसू नये.

टप्पा ५: गेटवे आणि लाँचचं तिकीट

सीएसएमटीहून गेटवेला बेस्टची बस मिळते. भाडं साध्या बसचं किमान १० रुपये, एसीचं १२. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये. टॅक्सीत चार माणसं बसतात, म्हणून पाच-सहा जण असाल तर दोन टॅक्सी धरून चाला आणि दोन्हींत एकेक रस्ता माहीत असलेला माणूस बसवा. मीटरनेच जायचं. 'मीटर बंद आहे, दोनशे द्या' असं कुणी म्हणालं तर पुढची टॅक्सी बघा. रिक्षा शोधत बसू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत, त्या इकडे वांद्रे आणि तिकडे सायनच्या पुढे येत नाहीत.

गेटवेला साडेआठपर्यंत या. पहिल्या लाँच नऊच्या सुमारास सुटतात. तिकीट खिडकीवरच घ्या. वाटेत अडवून 'इधर से, जल्दी' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक इथे होते: खिडकीवर घारापुरी जाऊन-येऊन आणि अर्ध्या तासाची हार्बर फेरी अशी दोन वेगळी तिकिटं मिळतात. गडबडीत लोक स्वस्त दिसतं म्हणून फेरीचं घेतात आणि लाँच समुद्रात गिरकी घेऊन परत आली की विचारतात, लेणी कुठे? 'घारापुरी, एलिफंटा, येऊन-जाऊन' असं स्पष्ट सांगा आणि तिकीट हातात आल्यावर वाचा. परतीचा भाग तुमच्याजवळच राहतो. तो हरवला तर बेटावर वाद घालत बसावं लागतं.

फोटोवाले भेटतील. काढून घ्यायचा तर एका प्रिंटचा दर आणि किती प्रिंट हे आधी बोला. त्यांनी दहा फोटो काढले म्हणून दहा घ्यायलाच हवेत असं नाही.

आता चढणं. लाँच एकीला एक खेटून उभ्या असतात आणि कधी कधी एकीतून दुसरीत जावं लागतं. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. आधी एक मोठा पुरुष चढतो, मग मुलं हातोहात, मग वयस्कर माणसं, शेवटी सॅका. दोन्ही हात मोकळे हवेत. हातात फोन धरून चढणारा माणूस मला दरवेळी दिसतो.

*थांबा: लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आणि पट्टे बांधलेले. मुलाच्या मापाचं मागून घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं दगावली. जॅकेट मांडीवर ठेवून काही होत नाही. उकडतं म्हणून मुलाचं काढू नका.*

वरच्या डेकवर बसायचे बऱ्याचदा थोडे पैसे वेगळे घेतात. दृश्य छान, पण ऊन आणि हेलकावे जास्त. ज्याला मळमळतं त्याला खाली, मधोमध, वारा लागेल असं बसवा आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. फोनमध्ये डोकं घातलं की उलटी ठरलेली.

प्रवास तासाभराचा. या तासात मुलं कंटाळतात असं म्हणतात, पण त्यांना काय पाहायचं ते सांगितलं तर कंटाळत नाहीत. निघताना मागे गेटवे आणि ताज लहान होत जातात. मग नौदलाच्या युद्धनौका लागतात. तिथे फोटो काढू नका. पुढे तेलाच्या टाक्या असलेलं जवाहर द्वीप, लांब पलीकडे न्हावाशेवाच्या बंदरातल्या उंच क्रेन, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला समुद्रावर आडवी रेघ दिसते, तो शिवडीहून न्हावाशेवाला जाणारा अटल सेतू, जवळपास २२ किलोमीटर लांब. नांगरलेल्या जहाजांची नावं आणि झेंडे वाचायला लावा. भाचीने एकदा अकरा देशांचे झेंडे मोजले. तो तास तिला लेण्यांहून जास्त आठवतो.

टप्पा ६: घारापुरीत सव्वादोन तास

दहाच्या सुमारास उतरलात की पहिलं काम: परतीच्या लाँच कधी कधी आहेत आणि शेवटची कधी, हे धक्क्यावर विचारून घ्या. मग चालायला लागा. धक्का लांबट आहे. छोटी आगगाडी असते, तिचं तिकीट वेगळं. सकाळी चालत जा, पाय मोकळे होतात. परत येताना उन्हात गाडीने या. लोक बहुतेक उलटं करतात.

पायऱ्यांच्या दुतर्फा दुकानं आहेत. जाताना काहीही घ्यायचं नाही, हा नियम मुलांना लाँचवरच सांगा. वर ओझं घेऊन चढायचं आणि परत तेच खाली आणायचं, यात शहाणपणा नाही. येताना दहा मिनिटं खरेदीला द्या.

*सावधान: माकडं. हातात बाटली, केळं, मक्याचं कणीस, वेफर्सचं पाकीट काहीही धरू नका. भाच्याच्या हातातली सरबताची बाटली माकडाने झाकणासकट नेली आणि तो हात धरून रडत बसला, ओरखडा आला होता. माकडाने ओढलं की सोडून द्यायचं, ओढाताण करायची नाही. ओरखडा आलाच तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.*

वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट: भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. ते लाँचच्या तिकिटात धरलेलं नसतं.

मुख्य लेण्यात शिरल्याबरोबर सगळे धावत समोरच्या त्रिमूर्तीकडे जातात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर. इतक्या लांब येऊन हे करू नका. आत गेल्यावर आधी खांबापाशी दोन मिनिटं उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी कोरीव काम दिसतच नाही. मग भिंतीभिंतीने फिरा. रावण कैलास हलवतो आहे तो पट मुलांना आधी दाखवा, गोष्ट त्यांना माहीत असते. मग शिव-पार्वतीचं लग्न, त्यात पार्वतीची मान खाली झुकलेली बघा. अंधकासुराचा वध, गंगा जटेत घेणारा शिव, अर्धनारीश्वर, नटराज. सदाशिवाच्या त्या तीन मुखांपाशी सगळ्यात शेवटी या. जवळजवळ वीस फूट उंचीची मूर्ती आहे आणि तिच्यासमोर सगळं घर गप्प होतं, मी दरवेळी पाहिलं आहे. डावीकडचं उग्र मुख आणि उजवीकडचं सौम्य मुख मुलांना ओळखायला सांगा. बऱ्याच मूर्तींचे हातपाय मोडलेले आहेत. मुलं विचारतातच, तेव्हा ही माणसांनी केलेली मोडतोड आहे हे सांगा आणि कशालाही हात लावू देऊ नका.

बाकीची लेणी अपुरी आणि साधी आहेत. वेळ आणि पाय शिल्लक असतील तरच जा. टेकडीवरच्या तोफेपर्यंतची चढण दुपारच्या उन्हात कुटुंबाने करू नये असं माझं मत आहे.

सव्वाबाराला परतीच्या लाँचमध्ये बसलेले असा. बेटावर जेवायला थांबलात तर एक तास जातो आणि दर चढे. बरोबरच्या दशम्या लाँच सुटल्यावर, माकडांपासून लांब, निवांत खा.

टप्पा ७: दुपार सावलीत

दीडच्या सुमारास गेटवेला परत. आता ऊन डोक्यावर आणि माणसं थकलेली. याच वेळी लोक कुलाब्याच्या फुटपाथवर खरेदीला शिरतात, आणि दिवस तिथेच मोडतो. आधी बसून जेवा. फोर्टमध्ये थाळी देणारी हॉटेलं बरीच आहेत. दोननंतर कचेऱ्यांची गर्दी ओसरते, जागा मिळते.

मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गेटवेपासून चालत दहा मिनिटं. सावली आहे, पाणी आहे, स्वच्छ स्वच्छतागृह आहे, बसायला बाग आहे. दिवसातला मोठा बाथरूमचा थांबा इथेच करा, लाँचवर आणि गेटवेवर त्याचा भरवसा नाही. मोठ्या पिशव्या काउंटरवर ठेवाव्या लागतात.

सगळं संग्रहालय पाहायचा हट्ट धरू नका. दीड तास, तीन दालनं: मुलांसाठी पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आणि शस्त्रं, मोठ्यांसाठी लघुचित्रं किंवा मूर्ती. कुणाला बसायचं असेल तर बागेत बसू द्या, त्याला आग्रह करून जिने चढायला लावू नका.

जुन्या आठवणीने कुणीतरी तारापोरवाला मत्स्यालयाचं नाव काढतंच. ते काही वर्षांपासून बंद आहे. मुलांना मासे कबूल करून बसू नका. राणीच्या बागेतले पेंग्विन आज नकोत, आणि दुसऱ्या दिवशी जाणार असाल तर ती बाग बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा.

टप्पा ८: ओव्हल मैदान ते चौपाटी

साडेचारच्या सुमारास बाहेर पडा आणि चर्चगेटच्या दिशेने चालत निघा. वाटेत राजाबाई टॉवर, हायकोर्ट आणि ओव्हल मैदान. मैदानात एकाच वेळी दहा-वीस डाव चाललेले असतात. मुलांना तिथे पंधरा मिनिटं सोडा, त्यांना दिवसभर 'हात लावू नको' ऐकून झालेलं असतं.

चर्चगेट स्टेशनपासून समुद्र पाच-सात मिनिटांवर. मरीन ड्राइव्हचा रस्ता सिग्नललाच ओलांडा, गाड्या वेगात असतात. कट्ट्यावर बसा आणि सूर्यास्त होईपर्यंत उठू नका. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास, मे महिन्यात सात वाजून गेल्यावर. संग्रहालयातून किती वाजता निघायचं ते यावरून मागे मोजा. पाय समुद्राकडे सोडून बसायला मोठ्यांना हरकत नाही, लहानांना रस्त्याकडे पाय आणि कमरेला आईचा हात. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कट्ट्यावरून उडतात, तेव्हा कट्ट्याजवळही जाऊ नका. पोलीस हटकतात ते तुमच्या भल्यासाठीच.

इथून गिरगाव चौपाटीला जायला पुष्कळ जण चर्चगेटला जाऊन लोकलने चर्नीरोडला उतरायचं म्हणतात. दोनच स्टेशनं, दिसायला सोपं. पण संध्याकाळी साडेसहाला चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत आत शिरलेलं कुटुंब चर्नीरोडला बाहेर पडू शकत नाही. समुद्राकाठाने सुमारे दोन किलोमीटर चालत जा किंवा बस, टॅक्सी करा. अंधार पडताना चालत गेलात तर वळणावरचे दिवे एकेक करून लागताना दिसतात.

चौपाटीवर भेळ, पाणीपुरी, कुल्फी. दर आधी विचारा आणि गर्दी असलेल्या गाडीवर खा. मुलांना पाण्यात जाऊ देऊ नका, ते पाणी स्वच्छ नाही. इथे भरपेट खाऊन घ्या, म्हणजे घरी गेल्यावर कुणाला स्वयंपाकघरात जावं लागत नाही.

*तपासा: परतीचं तिकीट कुणाकडे आहे? फोनवर असेल तर त्या फोनची बॅटरी किती? आता सगळी माणसं मोजा.*

टप्पा ९: परतीची लोकल

संध्याकाळी पाच ते साडेआठ गाडीत शिरायचा प्रयत्नही करू नका. चौपाटीवर साडेआठपर्यंत बसा, मग टॅक्सीने सीएसएमटीला या. चर्नीरोडहून दादरला जाऊन गाडी बदलणं कागदावर जवळचं आहे. पण दादरच्या पुलावर झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चालणं आणि मग भरलेल्या गाडीत चढणं, हे मी कुणालाच सांगणार नाही. सीएसएमटीहून गाडी सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. पश्चिम मार्गावर राहणाऱ्यांनी याच कारणाने चर्चगेटला जावं.

सीएसएमटीला एक आणि दोन नंबरचे प्लॅटफॉर्म पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर मार्गाचे, तीन ते सात मुख्य मार्गाच्या लोकलचे. पनवेलच्या गाडीत बसून ठाण्याची वाट पाहणारी माणसं दर आठवड्याला भेटतात. इंडिकेटरवर तीन गोष्टी वाचा: शेवटचं स्टेशन, फास्ट की स्लो, आणि किती डब्यांची. ठाणे लोकल डोंबिवलीला जात नाही. स्लो गाडी सगळीकडे थांबते आणि रात्री थकलेल्या माणसांना वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतं. तिच्यात जागा निवांत मिळते.

समोरची गाडी भरलेली दिसली तर ती सोडा आणि पुढच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर पुढे उभे राहा. आता सगळे एकाच डब्यात. खिडकीची जागा मुलांना, कडेची मोठ्यांना, सॅका वरच्या रॅकवर आणि त्या उतरवायची जबाबदारी एकाच माणसाची, नाव घेऊन सांगितलेली. दिवा गेलं की झोपलेल्यांना उठवा आणि दाराकडे सरकायला लागा. कोपर येईपर्यंत वाट पाहिलीत तर आजींना दारापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही.